वरातीत एकच नाचावं

“गुरुजींची सून बघितलीस का आज? पंचायत समितीत मिटिंगला चालली व्हती. साधी सुती साडी, गळ्यात नुसती काळी पोत, अन् कानात हे एवढाले झुबे! ती वळणापल्याड जाईस्तोर मी दारातच उभी. लई शोभायली व्हती.”

अक्कांनी कुणाच्या सुनेला चांगलं म्हणावं, हे आमच्या गल्लीत सहसा घडत नाही. मी पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि भिंतीशी गेले. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. बांधली हद्द दाखवायला, पण तिचा खरा उपयोग कोपर टेकायला होतो. अक्कांच्या बाजूला शेवगा, माझ्या बाजूला लिंबोणी, आणि मधून आमच्या मुखेड गावातली सगळी खबरबात.

“झुबे बेंटेक्सचे आहेत अक्का,” मी म्हटलं.

“आसू दे की. मी काय काट्यावर ठेवायले का? मी मनते, तिला कळतंय. कानात मोठं घातलं की गळा मोकळा सोडावा. गळ्यात साज आसंल तर कानात कुड्या. वरातीत एकच नाचावं बाई, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्या. न्हाईतर ती आपली कोपऱ्यावरची! गंठण, त्याच्यावर लक्ष्मीहार, कानात झुंबर, हातात कोपरापस्तोर बांगड्या, अन् निघाली कुठं? तर गिरणीवर. दळण आणायला.”

कोपऱ्यावरचीची बाजू घ्यावी असं मला वाटलं. हौस असते एखादीला. कपाटात ठेवून कुणाचं भलं झालंय? पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण अक्का पुढं गेल्या होत्या. त्यांना आता सोन्याच्या भावावर बोलायचं होतं.

ते बरोबरच होतं म्हणा. एप्रिल २०२५मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला आणि आमच्याकडच्या लग्नाच्या याद्या एका रात्रीत बदलल्या. तोळ्याची बोली अर्ध्या तोळ्यावर आली, पाटल्यांच्या जागी एकच बांगडी आली. पूर्वी सराफाच्या ओट्यावर बसून बाई बावीस कॅरेटच्या खाली ऐकून घेत नसे. दागिन्यावर ९१६ बघायची, म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं. आता अठरा कॅरेटचं, हजारात साडेसातशे भागांचं, स्वतःहून मागतात. २०२५मध्येच नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला. मी हे सांगितलं तसं अक्का हसल्या. “चौदा कॅरेटचं बी निघालं व्हतं की मागं. आमचा बाप शिव्या द्यायचा.”

त्यांच्या वडिलांनी शिव्या दिल्या त्या मोरारजी देसाईंना. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला : चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. गावोगावच्या सोनारांचं काम बसलं. लोकांना ते फिकट सोनं कधी पटलंच नाही. पुढं १९६८मध्ये कायदा झाला आणि तो जाईपर्यंत १९९० उजाडलं. जे तेव्हा सरकारला जमलं नाही, ते आता भावानं करून दाखवलं.

पण आमच्याकडं भाव हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं जूनमध्ये कळतं. मृग तोंडावर आला की सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे हे सगळं एकदम उभं राहतं. मग बाईच्या गळ्यातलं बँकेत जातं. सोनेतारणाच्या खिडकीशी तेव्हा जी रांग लागते, तिच्यात उन्हाळ्यातल्या लग्नांत मिरवलेली निम्मी गंठणं सापडतील. सोयाबीन विकलं, दर बरा लागला, तर दिवाळीला गंठण घरी येतं. नाही लागला तर व्याज भरून पुढच्या सालावर. तोवर गळा तर रिकामा ठेवता येत नाही. म्हणून बेंटेक्स, म्हणून एक ग्रॅम, म्हणून ते फॉर्मिंगचं. शहरातल्या बायका इमिटेशन घालतात ती आवड म्हणून. इथं तांब्या-पितळेवरचा तो सोन्याचा पातळ हात खऱ्या दागिन्याची जागा धरून ठेवतो, खरा घरी येईपर्यंत.

“पॅरिसात एक बाई होती,” मी अक्कांना सांगितलं, “कोको शानेल नावाची. कपडे शिवायची, फार मोठं नाव. शंभरेक वर्षांपूर्वी तिनं खरे मोती अन् खोटे मोती एकाच गळ्यात घातले आणि बड्या घरच्या बायकांना घालायला लावले. तोवर खोटं घालणं म्हणजे लाज.”

“गरिबाची आसंल.”

“अनाथाश्रमात वाढली होती.”

“मंग! तिला कुणी शिकवायचं काय? जिच्या घरी न्हाई तिलाच थोडक्यात कसं नटावं ते कळतंय.”

अक्का स्वतः लग्न करून आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेच. बैलांच्या चाऱ्यापायी घरातलं सोनं आधीच गेलेलं. काळ्या मण्यांची पोत, दोन वाट्या, पायात जोडवी, एवढ्यावर त्यांना उभं केलं. त्या अजून सांगतात की सासूनं कानात आपली बुगडी काढून घातली आणि तेवढीच सगळ्यांनी बघितली. म्हणजे त्यांचं ते वरातीचं तत्त्वज्ञान कुठून आलं ते बघा.

नवऱ्यामागं अक्कांच्या हातातल्या बांगड्या गेल्या. आता त्यांच्या डाव्या मनगटावर काकांचं घड्याळ असतं. एचएमटीचं, चाबीचं, पांढऱ्या तबकडीचं. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१पासून ही घड्याळं निघू लागली. २०१६मध्ये सरकारनं तो घड्याळांचा धंदा आवरता घ्यायचं ठरवलं. मधल्या काळात नोकरी लागलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या पगारात हेच घ्यायचं असे. अक्कांच्या मनगटाला पट्टा मोठा पडत होता. बसस्टँडजवळच्या घड्याळजीनं दोन भोकं जास्तीची पाडून दिली. रोज सकाळी पूजा झाली की त्या चाबी देतात. मागं माझी लेक पुण्याहून आली तेव्हा हे बघून खुळीच झाली. तिकडं म्हणे मुली मुद्दाम पुरुषी, मोठ्या तबकडीची घड्याळं घालतात. “आजी, तुम्ही एकदम फॅशनमधे,” म्हणाली.

“फॅशन न्हाई गं,” अक्का म्हणाल्या. “हात उघडा बरा वाटंना.”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये ठराव केला की नवऱ्यामागं बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच सांगितलं. मी हे अक्कांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काढायला चौघीजणी येत्यात. घालायचं मात्र एकटीला लागतंय.” नंतरच्या दिवाळीत त्यांच्या कानात मोत्याच्या कुड्या दिसल्या. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्कांनी काय उत्तर दिलं असतं ते गल्लीला माहीत होतं.

त्या कुड्या हैदराबादच्या. आमचं मुखेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळं जुन्या माणसांचा ओढा पुण्यामुंबईपेक्षा तिकडं. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की अजूनही दोघीतिघी नरसीच्या फाट्यावरून हैदराबादची गाडी धरतात. चारमिनारजवळ पत्थरगट्टीत मोती, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. त्या बांगड्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाख तापवून मऊ करायची, वळायची, मापाला गोल करायची आणि गरम असतानाच एकेक खडा चिमट्यानं बसवायचा, असं ते काम. माझं मत विचाराल तर साध्या इरकलीवर असल्या दोनच बांगड्या एका हातात घालाव्यात. दुसरा हात मोकळा. दोन्ही हातांत सारखं भरायची सवय आपल्याला कासाराच्या ओट्यावर लागली. तिथं ते ठीक आहे, चुडा म्हणजे चुडाच. पण रोज ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात जाणारीला फळ्यावर लिहायचं असतं, माप घ्यायचं असतं, संगणकावर बोटं चालवायची असतात. किणकिण किती ऐकायची?

मोत्याच्या बाबतीत अक्कांचा नेम कडक आहे. पावडर, अत्तर, तेलाची वेणी, सगळं उरकून शेवटी मोती. घरी आलं की आधी मोती उतरवायचा, मऊ धडप्यानं पुसायचा, मग चप्पल. साबणाचं पाणी लावायचं नाही. सोन्याला रिठ्याचं पाणी. चांदी काळी पडली म्हणून टूथपेस्टनं घासणाऱ्यांना त्या अडाणी म्हणतात, कारण घासून घासून नक्षी जाते. आणि बेंटेक्सला घाम चालत नाही. मे महिन्यात आमच्याकडं जे ऊन पडतं, त्यात संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पट्टा उमटतोच उमटतो. आतल्या धातूत निकेल असतं, ते काही जणींना सोसत नाही. गुरुजींची सून झुब्याच्या मागच्या दांडीला बिनरंगी नेलपॉलिश लावते. ते उतरलं की परत लावते. हे तिनं मला सांगितलं, मी अक्कांना सांगितलं, आता गल्लीतल्या निम्म्या कानांत तोच उपाय आहे.

आणि कानाच्या पाळीचं? जड झुंबरं रोज लोंबकळवली की भोक लांबत जातं, एक दिवस ओघळून चिरतं, मग डॉक्टरकडं टाका. आपल्या आज्या वेल लावायच्या. कानातल्याचा भार केसांत अडकवून टाकायचा. बघणाऱ्याला वाटतं नटवेपणा, होता मात्र तो आधार. आजकालच्या मुली वेल घालतात फोटोपुरता आणि रोजचे रिंग नुसते लोंबू देतात. उलटं चाललंय.

एवढ्यात रस्त्यानं तांड्यावरची म्हातारी गेली. आमच्या तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. हिच्या वयाच्या बायकांच्या अंगावर अजून सगळं असतं. केसांत घुगरी-टोपली, दंडात पांढऱ्या बलियांची रांग, काचा-कवड्या टाचलेली कांचळी. आवाज आधी येतो, मग बाई. पूर्वी बलिया हस्तिदंताच्या असत, आता प्लॅस्टिकच्या. तिच्या सुना मात्र पाचवारी नेसतात आणि हे सगळं लग्नापुरतं बाहेर काढतात.

“तुझ्या लेकीची ती पिशवी,” अक्का म्हणाल्या, “तिच्यावर हिच्याच कांचळीचं काम हाय की नाई?”

होतं खरं. पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनात लेकीनं खांद्याला अडकवायची पिशवी घेतली. आरसे, कवड्या, लाल-निळा धागा. निळ्या जीनवर, पांढऱ्या सदऱ्यावर ती पिशवी अशी काही उठून दिसते की बाकी अंगावर काही लागत नाही. किंमत ऐकून मी गप्प बसले. हेच काम इथं दारावरून रोज चालत जातं आणि आम्ही कधी थांबवून विचारत नाही की बाई, माझ्या पिशवीला एवढी पट्टी टाचून देशील का, काय घेशील? कवडीचंही तेच. आराधिणींच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघून आम्ही हात जोडले. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधली. आता तीच कवडी मुलींच्या पायात, कानात, मोबाइलच्या दोरीत आली. अक्कांना हे जरा खटकतं. देवीचं ते देवीपाशी राहावं, असं त्यांचं म्हणणं. मला खटकत नाही. ज्या कवडीनं बैल सजतो ती माझ्या लेकीला जड होईल का?

गडी माणसांचा विषय अक्कांनीच काढला. “नुस्त्या बायकांनाच नावं ठेवू नकोस. आपल्या चौकातला तो, बॅनरवरचा.” नाव घ्यायची गरज नव्हती. गळ्यात बोटाएवढी साखळी, पाचही बोटांत खडे, शनीचा, राहूचा, आणि निवडणूक अजून लागलेली नाही. त्यापेक्षा नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशेजारच्या दुकानांतून पोरं पोलादी कडं आणतात ते मला बरं दिसतं. आणणारे सगळे शीख नसतात, पण हातात एकच वस्तू, झळाळी नाही, वजन आहे. जुन्या माणसांकडं बघा. पांढरी टोपी, खांद्यावर दस्ती, आणि लिंगायत असतील तर गळ्यात इष्टलिंगाची चांदीची लहानशी डबी. नटण्याचा हेतूच नाही, तरी बघत राहावं असे दिसतात.

आमच्या ह्यांना मी बिदरीची बटणं आणून दिलीत. बिदर तसं उदगीरच्या पलीकडंच. जस्त आणि थोडं तांबं यांचा ओतीव धातू, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्याचा लेप दिला की धातू काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी राहते. सुरया, तबकं, हुक्के यांच्यासाठी ती कला नावाजली, पण सदऱ्याची बटणंही त्यातच होतात. पांढऱ्या नेहरू शर्टावर ती काळी-पांढरी बटणं असली की ह्यांच्या पायात कसलीही चप्पल चालते. ह्यांना अर्थात त्यातलं काही कळत नाही. तीन वेळा धोब्याकडं शर्टासकट दिली.

“तू काई मन,” अक्का म्हणाल्या, “पण बाईला नथीबिगर शोभा न्हाई. आपल्याकडं आधीपासून नथ हाय.”

इथं मला राहवेना. मी म्हटलं, अक्का, आपल्या दशरथेश्वराच्या देवळात जा, नाहीतर होट्टलला जाऊ या. देगलूर तालुक्यातलं ते सिद्धेश्वराचं देऊळ, कल्याणी चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदऱ्या आहेत. गळ्यात हार, दंडात बाजूबंद, कमरेला मेखला, पायात नूपुर. दगडात इतका बारीक मणी कोरलाय की ओवणाऱ्या पटवेकऱ्यानं शिकून घ्यावं. नाकात मात्र काही नाही. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या नथीच्या मागं लागून जुने ग्रंथ चाळले होते. प्राचीन वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही, तो नंतरच्या काळात आला, असा त्यांचा निष्कर्ष.

“मंजे एवढ्या नटल्या अन् नाक रिकामं?”

“रिकामं.”

अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तरीच त्या देवळाच्या भिंतीवर उभ्या ऱ्हायल्या. कुणी घरात घेतल्या न्हाईत.”

मी त्यांना सांगितलं की मला रविवारी नांदेडला लग्नाला जायचंय आणि त्या गर्दीच्या एसटीत खरं काही घालायची माझी हिंमत नाही. चढताना दारात रेटारेटी होते, तिथंच गळ्यावर हात पडतो. त्या म्हणाल्या, घालून दाखव काय घालणार ते. मी आत गेले. जांभळी इरकल, ठुशी, झुबे, एक ग्रॅमच्या पाटल्या, आणि हौसेनं कंबरेला चाब्यांचा छल्ला, असं सगळं लेवून भिंतीशी परत आले.

अक्कांनी चष्मा वर केला. घड्याळाचा हात भिंतीवरून पुढं केला.

“झुबे काढ. कुड्या घाल. ठुशी ऱ्हाऊ दे. छल्ला कामून? चाब्या तुझ्या सुनंकडं गेल्या की कवाच्या. तो तिला दे, तिच्या कंबरंला बरा दिसंल. अन् पाटल्या एकाच हातात. दुसऱ्या हातात पर्स धरायची हाय ना? कसली हाय पर्स? ती रेक्झीनची? फेक ती. थांब.”

त्या आत गेल्या आणि काकांच्या कुठल्याशा जुन्या शालीचा काठ लावलेली कापडी बटवी घेऊन आल्या.

“ही ने. पन त्यात लग्नातला पानसुपारीचा विडा कोंबू नकोस. डाग पडला तर मी काई तुला सोडत नसते.”